कापडी पंख मढवणे आणि धडाला जोडणे: कामाचा क्रम कसा असावा?

मूळ लेख: एकपंखी

नमस्कार. आराखड्यावरून घरीच बांधत असलेल्या माझ्या दोन आसनी हलक्या विमानाच्या दोन्ही पंखांचे लाकडी सांगाडे तयार झाले आहेत. पंख धडाच्या वर बसणारा आहे, त्याला पुढचा आणि मागचा असे दोन स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य दांडे) आहेत, पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि प्रत्येक बाजूला दोन स्ट्रटचा, म्हणजे धडापासून पंखाला टेकू देणाऱ्या दांड्यांचा, आधार आहे. दोन स्पारांच्या मधल्या चौकटींतील तिरक्या तारा ओढून झाल्या आहेत व एलेरॉनही (विमान डावी-उजवीकडे कलवणारे, पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) वेगळे तयार आहेत. आता पॉलिएस्टरचे कापड चढवायचे आहे, परंतु आराखड्यासोबतची पुस्तिका हा सगळा भाग एका पानात आटोपते.

माझा मुख्य प्रश्न क्रमाचा आहे. पंख मढवून, रंगवून मग धडाला जोडावेत, की आधी उघडा सांगाडाच जोडून पाहावा? दुसरा प्रश्न असा की कापड फासळ्यांना केवळ गोंदाने चिकटवणे पुरेसे असते का, की प्रत्येक फासळीवर टाके घालणे आवश्यकच आहे? कापड आकसवणाऱ्या इस्त्रीच्या तापमानाविषयीही कुणी नेमके सांगितले तर बरे होईल, कारण मला आतापर्यंत मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रतिसाद: गुण्या

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. उघडा सांगाडा धडाला पूर्णपणे जोडावा, स्ट्रट बसवावेत, एलेरॉन लावून त्यांच्या केबल ओढाव्यात, सगळी मापे घ्यावीत आणि मगच पंख उतरवून मढवण्यास घ्यावेत. कापड एकदा चढले की आत हात जात नाही, आणि जिथे हात जात नाही तिथली प्रत्येक दुरुस्ती कापड कापूनच करावी लागते.

जोडण्याआधी सांगाडा स्वतःशी काटकोनात आहे का, हे पाहावे. पंखाच्या मुळापासून सुरुवात करून प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. माप फासळ्यांच्या कडांवरून न घेता स्पारांच्या मध्यरेषेवर खूण केलेल्या बिंदूंमधून घ्यावे, कारण फासळी किंचित सरकलेली असू शकते. कर्ण समान येईपर्यंत तारा थोड्या थोड्या सैल-घट्ट कराव्यात, आणि प्रत्येक फेरीनंतर स्पारालगत दोरा ताणून तो सरळ राहिला आहे ना, हे तपासावे. एका चौकटीचा ताण शेजारच्या चौकटीत जातो, त्यामुळे हे काम एका फेरीत कधीच संपत नाही. मुळाकडच्या पुढच्या स्पारापासून टोकाकडच्या मागच्या स्पाराकडे जाणारी तार हवेच्या रेट्याने पंख मागे वळू देत नाही. तिच्या उलट दिशेची तार पंखाला पुढे खेचले जाण्यापासून रोखते. पंख पुढे खेचला जातो यावर नवख्या बांधणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही, परंतु नाक बरेच वर असताना उत्थापक बलाचा एक घटक पंखाच्या पुढच्या दिशेला पडतो आणि तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो.

यानंतर धड लांबीत व रुंदीत दोन्हीकडे समतल करावे, पंख घोड्यांवर (लाकडी तिवयांवर) टेकवावेत आणि मुळाच्या जोडणीत तात्पुरते बोल्ट घालावेत. दोन्ही टोकांच्या उंचीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी हे आजही सर्वांत भरवशाचे साधन आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मुळाशी त्याचे अंतर मोजले की दोन्ही पंख वर किती उचलले गेले आहेत तेही कळते. प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ स्पारावरच्या एकाच ठरावीक बिंदूपासून शेपटीच्या उभ्या खांबापर्यंतचे अंतर दोन्हीकडे समान आले, तर पंख मागे-पुढे झुकलेले नाहीत असे समजावे. बसवणीचा कोन फासळीच्या आकाराचा साचा करून त्यावर लेव्हल ठेवून मोजावा, मुळाशी एकदा आणि टोकाशी एकदा. आराखड्यात टोकाचा कोन मुळापेक्षा कमी सांगितलेला असेल, तर तो मागच्या स्ट्रटची लांबी बदलून साधता येतो. हा पीळ सोय म्हणून दिलेला नसतो. विमान अतिमंद वेगाला आले की मुळाकडचा प्रवाह आधी तुटावा आणि टोकाकडचे एलेरॉन तेव्हाही काम करत राहावेत, हा त्यामागचा हेतू असतो. मापे एकदा जुळली की स्ट्रटच्या टोकांचे आटे किती आत आहेत त्याची नोंद करून ठेवावी.

प्रतिसाद: एकपंखी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका राहते. पीळ स्ट्रटनेच द्यायचा असेल, तर मढवताना पंख टेबलावर सपाट असला काय किंवा थोडा पिळलेला असला काय, काही फरक पडू नये. माझा हा तर्क बरोबर आहे का?

प्रतिसाद: गुण्या

पूर्णपणे नाही. ताणलेले कापड दोन स्पारांच्या पंखाला पिळाविरुद्ध थोडा कडकपणा देते. इस्त्री करताना सांगाडा ज्या स्थितीत असेल, त्या स्थितीत त्याला धरून ठेवण्याकडे कापडाचा कल असतो. नको असलेला पीळ कापडाखाली पक्का झाला, तर पुढे स्ट्रटने तो काढताना एका बाजूच्या कापडावर तिरप्या सुरकुत्या उमटतात. म्हणून आकसवण्याच्या वेळी पंख स्पारांच्या खाली नीट टेकवलेला असावा, आणि दोन्ही पंखांसाठी टेकण्याच्या जागा एकसारख्या असाव्यात. एलेरॉन आणि शेपटीचे भाग हलके असल्यामुळे तिथे हा धोका अधिक असतो.

प्रतिसाद: कापडचोपड

कापडाच्या बाजूने मी लिहितो. सर्वांत आधी एक नियम, ज्याला मी अपवाद मानत नाही: कापड, गोंद, लेप आणि रंग यांची एकच प्रणाली निवडावी आणि तिची पुस्तिका अक्षरशः पाळावी. एका प्रणालीचा गोंद आणि दुसरीचा लेप एकत्र करून काय होते, याची चाचणी कुणीही केलेली नसते. द्रावकावर चालणाऱ्या प्रणाली आहेत, पाण्यावर चालणाऱ्या आहेत आणि रंग आधीच असलेले कापडही मिळते. प्रत्येकीचे गुणदोष आहेत, पण त्यांची खिचडी करू नये.

लाकडाच्या संरक्षणाबद्दल पुस्तिका गप्प असेल, तर हे लक्षात ठेवा. कापडाचा गोंद जिथे लागणार आहे तिथे साधे व्हार्निश चालत नाही, कारण गोंदातला द्रावक त्याला मऊ करतो आणि पकड लाकडावर न राहता सुटत चाललेल्या थरावर राहते. दोन घटकांचे इपॉक्सी व्हार्निश वापरावे आणि ते पूर्ण कडक होऊ द्यावे. स्क्रूची डोकी, धातूच्या पट्ट्यांचे कोपरे, प्लायवूडची धारदार कड अशी जी जी जागा कापडाला घासू शकेल, तिच्यावर संरक्षक पट्टी चिकटवावी. फासळ्या आडव्या झुकू नयेत म्हणून त्यांच्यामधून कापडी फीत एकाआड एक वरून-खालून विणत नेण्याची पद्धत आहे. कापडाच्या ताणाने पातळ फासळ्या बाजूला कलतात, त्याला या फितीमुळे आळा बसतो.

कापडाचे वजन निवडताना आराखडा काय म्हणतो ते पाहा. पॉलिएस्टरच्या सर्वांत हलक्या प्रकाराचे वजन चौरस मीटरला सुमारे ५८ ग्रॅम असते आणि मधल्या प्रकाराचे सुमारे ९२ ग्रॅम. दोन आसनी विमानासाठी मी मधलाच निवडेन. कापडाच्या वजनात जे वाचते, त्याच्या कितीतरी पट लोक हौसेने मारलेल्या रंगात घालवतात.

आधी खालचा भाग मढवावा, मग वरचा, म्हणजे पुढच्या कडेवर वरचे कापड खालच्यावर येते. पुढच्या कडेवर दोन्ही कापडे किमान ५ सेंटिमीटर एकमेकांवर यावीत. चिकटवताना कापड हाताने फार ताणू नये. ते सुरकुत्यांविना, किंचित सैल बसले तरी चालते, कारण ताण देण्याचे काम उष्णतेचे आहे.

आता इस्त्री. हे कापड सुमारे १२१ अंश सेल्सियसला साधारण ५ टक्के आकसते आणि १७७ अंशांना साधारण १० टक्के. त्यापलीकडे तापवले तर ताण वाढत नाही, उलट तंतू मऊ पडून कापड सैल होऊ लागते आणि मग ते पुन्हा ताणता येत नाही. म्हणून पूर्ण पंखावर, वर आणि खाली, पहिली फेरी १२१ अंशांना, दुसरी सुमारे १४९ अंशांना आणि शेवटची १७७ अंशांना करावी. एक बाजू शेवटच्या तापमानापर्यंत नेऊन मग दुसरीकडे वळू नये. मागची कड दोन फासळ्यांच्या मध्ये आत ओढली जाऊन लाटेसारखी होते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आपल्याला मिळालेले सल्ले जुळत नाहीत, कारण प्रत्येकाने आपल्या इस्त्रीच्या चकतीवरचा आकडा सांगितला असावा. घरगुती इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नये. तळपट्टीचे तापमान थर्मामीटरने मोजून चकतीवर स्वतःच्या खुणा कराव्यात, आणि इस्त्री बराच वेळ चालू राहिल्यानंतर त्या खुणा पुन्हा तपासाव्यात. गरम हवेची बंदूक वापरूच नये, कारण तिच्या तोंडाशी किती तापमान आहे हे कुणालाच माहीत नसते.

बोटाने टिचकी मारून ढोलकीसारखा आवाज आला म्हणजे ताण बरोबर आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. तो आवाज फासळ्यांच्या अंतरावर आणि लेपाच्या थरावरही अवलंबून असतो. योग्य तापमानाची इस्त्री प्रत्येक इंचावरून फिरली आहे, हाच खरा पुरावा.

प्रतिसाद: वजनकाटा

टाक्यांच्या प्रश्नावर कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. मंद गतीच्या, अगदी हलक्या विमानांचे काही आराखडे केवळ गोंदावर कापड बसवण्याची मुभा देतात आणि ती विमाने उडत आहेत. टाक्यांमुळे वजन वाढते, वरच्या पृष्ठभागावर उंचवटे येतात, आणि शेकडो गाठी घालण्यात जो काळ जातो तो वेगळाच. आधुनिक गोंद जुन्या डोपपेक्षा (कापडाला लावायच्या जुन्या पद्धतीच्या लेपापेक्षा) खूपच सशक्त आहेत. प्रश्नकर्त्याने सरसकट टाके घालण्यापूर्वी आपल्या विमानाला त्यांची खरोखर गरज आहे का, याचा विचार करावा असे मला वाटते.

प्रतिसाद: टाकेवाला

ज्या आराखड्यात रुंद पट्टीच्या फासळ्या गृहीत धरून गोंदाची मुभा दिली आहे, तिथे वाद नाही. तिथे रचनाकाराने हिशेब केला आहे. आराखडा टाके मागत असेल आणि बांधणारा ते गाळत असेल, तर मात्र तो रचनाकाराचा हिशेब मोडतो आहे. वरच्या प्रतिसादात हा फरक पुसट झाला आहे, म्हणून थोडा हिशेबच मांडतो.

समजा पंखावरचा भार चौरस मीटरला ५० किलो आहे. ४ जी भाराच्या (म्हणजे वजनाच्या चौपट भाराच्या) वळणात तो २०० किलो होतो. पंख उचलण्याचे काम ढोबळमानाने दोन तृतीयांश वरच्या पृष्ठभागावरच्या कमी दाबाने होते, म्हणजे वरच्या कापडाला सुमारे १३३ किलो प्रति चौरस मीटर इतक्या बलाने वर ओढले जाते. फासळ्या ३० सेंटिमीटरवर असतील, तर प्रत्येक फासळीच्या एका मीटर लांबीवर ४० किलो, म्हणजे सेंटिमीटरला ४०० ग्रॅम ओढ येते. ही सरासरी झाली. पुढच्या कडेजवळ कमी दाबाचे शिखर असते आणि तिथली ओढ सरासरीच्या कितीतरी पट असू शकते. आता ही ओढ गोंदाला कशी लागते ते पाहा. गोंद कातरबलाला उत्तम तोंड देतो, पण सोलण्याला तो नेहमीच दुबळा असतो, आणि फासळीच्या अरुंद पट्टीवरून कापड वर उचलले जाणे हे सोलणेच आहे. एका ठिकाणी सुटले की सुटण्याची रेषा पुढे सरकत जाते. टाका फासळीला वरून खालपर्यंत वेढा घालतो, त्यामुळे एका टाक्याजवळ काही झाले तरी ते पुढच्या टाक्याशी थांबते. ७.५ सेंटिमीटर अंतर धरले तर वरील हिशेबात प्रत्येक टाक्याच्या वाट्याला सरासरी ३ किलो येतात, आणि मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याला ते काहीच नाही.

टाक्यांचे अंतर मात्र मनाने ठरवू नये. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या प्रकरणात विमानाच्या कमाल अनुज्ञेय वेगानुसार अंतर देणारा आलेख आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात हे अंतर कमी ठेवावे लागते, आणि झोत म्हणजे पंख्याचा व्यास अधिक दोन्ही बाजूंना एकेक फासळी असे धरतात. आराखड्यात आकडा असेल तर तोच पाळावा.

कृतीबद्दल थोडक्यात सांगतो. कापड आकसवून आणि पहिला लेप सुकल्यावर प्रत्येक फासळीवर मजबुतीची पट्टी चिकटवायची, तिच्या दोन्ही बाजूंना फासळीच्या अगदी लगत खुणा करायच्या आणि लांब सुईने दोरा वरून खाली व खालून वर न्यायचा. पट्टी फासळीइतकीच रुंद असावी. छिद्र फासळीपासून दूर गेले, तर दोरा कापडाला तिरपा ओढतो आणि कालांतराने चीर पडते. सुरुवातीचा टाका दुहेरी वेढ्याचा असतो. पुढच्या प्रत्येक टाक्यासाठी मासेमारीच्या जाळ्याच्या गाठीचा सुधारित प्रकार वापरतात, ज्यामुळे दोरा एका जागी तुटला तरी बाकीचे टाके उसवत नाहीत. गाठ पट्टीच्या माथ्यावर येऊ नये, ती फासळीच्या कडेला उतरवावी किंवा छिद्रातून आत ओढून घ्यावी. सर्व टाके झाले की त्यांच्यावर दातेरी काठाची पट्टी लेपात बसवतात. वजनकाटा ज्या उंचवट्यांविषयी बोलत आहेत, ते या पट्टीखाली बऱ्यापैकी झाकले जातात, आणि आपल्या विमानाच्या वेगाला उरलेल्या उंचवट्यांचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

प्रतिसाद: वजनकाटा

हिशेब पटला. आराखड्यात टाके सांगितले असतील तर ते घालावेत, याविषयी माझा आक्षेप नाही. फक्त रंगाच्या वजनाबद्दल कापडचोपड यांच्याशी पूर्ण सहमती नोंदवतो, आणि एलेरॉन रंगवल्यानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासावा हे जोडतो. बिजागरीच्या मागे वाढलेले थोडेसे वजनही एलेरॉनची धोकादायक फडफड सुरू होण्याचा वेग खाली आणू शकते.

प्रतिसाद: कापडचोपड

रंगाचा विषय निघालाच आहे तर रुपेरी थराबद्दल सांगतो, कारण घाई करणारे नेमके त्यातच काटकसर करतात. पॉलिएस्टर कुजत नाही, पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याचे बळ खातात. ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला मधला लेप हे किरण अडवतो. तो पुरेसा झाला आहे का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे अंधारात पंखाच्या आत दिवा धरणे. बाहेरून उजेड झिरपताना दिसला, तर आणखी थर द्यावा. सगळ्यात पहिला लेप मात्र ब्रशनेच द्यावा, कारण तो विणीत मुरून तंतूंना धरायला हवा. फवाऱ्याने दिलेला पहिला थर वरवर बसतो आणि पुढे सोलून निघतो.

ज्यांनी जुन्या पद्धतीचा नायट्रेट डोप वापरायचे ठरवले असेल, त्यांनी तो भयंकर ज्वालाग्राही असतो हे विसरू नये. तो ब्युटिरेट या दुसऱ्या प्रकारच्या डोपच्या खाली चालतो, वर चालत नाही. द्रावकावरच्या कोणत्याही प्रणालीत खेळती हवा, योग्य मुखवटा आणि हातमोजे हवेतच, आणि कामाच्या जागेत ठिणगी पडण्याजोगे काहीही नको.

प्रतिसाद: एकपंखी

टाके घालण्याचे आता पक्के केले आहे. मढवलेला पंख शेवटी धडाला जोडताना, म्हणजे दुसऱ्यांदा जोडताना, वेगळे काय पाहावे?

प्रतिसाद: गुण्या

पहिल्या जोडणीत मापे जुळवली असतील, तर दुसरी जोडणी शांतपणे होते, मात्र माणसे पुरेशी हवीत. एकाने मुळाशी बोल्ट बघायचा, एकाने टोक धरायचे आणि एकाने स्ट्रट. पकडणारा हात नेहमी स्पारावर किंवा फासळीवर असावा, दोन फासळ्यांमधल्या कापडावर कधीही नसावा. बोल्ट हातोडीने ठोकून घालायची वेळ आली, तर थांबावे, कारण छिद्रे एका रेषेत नाहीत. छिद्र मोठे करून तो प्रश्न सोडवू नये, टोक किंचित वर-खाली करून पाहावे. बोल्टचा बिनआट्याचा भाग पट्ट्यांच्या एकूण जाडीइतका असावा, म्हणजे आटे जोडणीच्या आत भार घेत बसत नाहीत. नटाबाहेर किमान एक आटा दिसावा. फिरणाऱ्या जोडणीत खाचेचा नट आणि स्प्लिट पिन हवीच.

कोन, टोकांची उंची आणि शेपटीपर्यंतची अंतरे पुन्हा मोजून पहिल्या नोंदींशी ताडून पाहावीत. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या आट्यांच्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना तीनपेक्षा अधिक आटे बाहेर दिसत नाहीत ना, हे पाहून मगच तारेने ते बांधून टाकावेत. त्यानंतर चालकाच्या आसनावर बसून दांडा डावीकडे न्यावा. डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली गेला पाहिजे. केबल उलट जोडल्या गेल्याने झालेले अपघात विमानोड्डाणाच्या इतिहासात अनुभवी तंत्रज्ञांच्या हातूनही घडलेले आहेत, म्हणून ही तपासणी दुसऱ्या व्यक्तीनेही स्वतंत्रपणे करावी. मढवण्याआधीची तपासणीही अशीच दुसऱ्या डोळ्यांनी व्हावी. काही देशांत ती अधिकृत निरीक्षकाकडून करून घेणे बंधनकारक असते, त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा, नाहीतर कापड उतरवण्याची वेळ येते.

प्रतिसाद: एकपंखी

शेवटची एक शंका. पाणी निघून जाण्याची छिद्रे किती आणि कुठे ठेवावीत? आराखड्यात फक्त "आवश्यकतेनुसार" असा शब्द आहे.

प्रतिसाद: टाकेवाला

प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये, खालच्या कापडात, मागच्या कडेला अगदी लागून एक. विमान जमिनीवर उभे असताना ज्या कोपऱ्यात पाणी साचेल तोच कोपरा निवडावा, म्हणून शेपटीच्या चाकावर उभ्या राहणाऱ्या विमानात आणि नाकाच्या चाकावरच्या विमानात ही जागा बदलते. प्लॅस्टिकची कडी लेपात बसवून वरचे सगळे थर पूर्ण झाल्यावर तापलेल्या टोकाने मधले कापड वितळवून छिद्र पाडावे, म्हणजे कडा उसवत नाहीत. कात्रीने किंवा पात्याने कापू नये. एलेरॉनला आणि टोकाच्या वाकवलेल्या पट्टीलाही छिद्रे हवीत, ती बहुतेकांकडून राहून जातात. पहिला पाऊस लागल्यानंतर पाहणीच्या झाकणातून आत दिवा टाकून मागच्या स्पाराचा तळ कोरडा आहे ना, ते पाहावे.